पन्नासच्या दशकातलं यान बनवायचंय? आधी त्याचा दरवाजा कुठे ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की तुम्ही कोल्हापूरची चार-पाच मित्रमंडळी मिळून १२ मिनिटांची ब्लॅक अँड व्हाइट शॉर्ट फिल्म करताय, ती १९५० च्या आसपासची सायन्स फिक्शन वाटावी अशी इच्छा आहे, यान तुम्ही थ्रीडी प्रिंट करून घेतलंय, ९ इंचाचं, टोकदार, खाली चार फिन, म्हणजे शेपटाची पंखासारखी पाती, वरून चकचकीत सिल्व्हर. आणि शूट केल्यावर ते खेळणं दिसतंय. म्हणून तुम्ही विचारताय की नेमक्या कुठल्या जुन्या सिनेमातलं डिझाइन कॉपी करू.

मी २६ वर्षं मिनिएचर, म्हणजे शूटिंगसाठीची लहान मॉडेलं, आणि सेटिंगचं काम करतोय, मुंबईत, पौराणिक मालिकांच्या विमानांपासून जाहिरातीतल्या रॉकेटपर्यंत सगळं केलंय, त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रॉब्लेम आकाराचा नाहीये. तुमचा आकार बरोबर आहे. तुमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या नाहीत. एक, हे यान उडतं कसं, उतरतं कसं, माणसं आत शिरतात कुठून. आणि दुसरी, ते शूट कसं करायचं. जुन्या लोकांनी या दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधली आणि आकार त्यातून आला. आपण आकार आधी उचलतो, मग त्यात जीव राहत नाही.

आता यात बरंच काही तुमच्या गोष्टीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. उड्डाण दाखवायचंय का नुसतं लँडिंग? यान माणसांचं आहे का परग्रहावरच्यांचं? गोष्ट १९४७ च्या, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या बातम्या आल्या त्या वर्षाच्या, आधीची वाटायला हवी का नंतरची? हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी सगळंच थोडं थोडं सांगतो, तुमचं तुम्ही निवडा.

सुरुवातीपासून बघू. १९०२ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने चंद्रावर जाण्याचा सिनेमा केला तेव्हा त्याचं यान म्हणजे चक्क तोफेचा गोळा होता. ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीतली तोफ त्याने घेतली. त्या काळच्या माणसाला विचारलं असतं की जगात सगळ्यात वेगाने काय जातं, तर तो तोफगोळाच म्हणाला असता, कारण विमान अजून उडालंच नव्हतं, राइट बंधू पुढच्या वर्षी उडाले. म्हणून त्या यानाला ना इंजिन, ना पंख, मागे एक झाकण, माणसं आत शिरतात, मुली ते तोफेत ढकलतात आणि बार. आणि परत कसं यायचं? तर चंद्राच्या कड्यावरून खाली पाडायचं, ते आपोआप पृथ्वीवर समुद्रात पडतं. विज्ञान म्हणून हे काहीच नाही, पण डिझाइन म्हणून पक्कं आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर यान काय करतंय ते बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. मेलिएस मुळात जादूगार, पॅरिसमध्ये त्याचं स्वतःचं जादूचं थिएटर होतं, त्यामुळे प्रेक्षकाची नजर कुठे असते हे त्याला पाठ होतं. (आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. ट्रिक सीन करणारे पहिले लोक दोन्हीकडे जादूगार निघावेत याचं मला अजूनही फार अप्रूप आहे.)

मेलिएसकडून तुम्ही उचलायची गोष्ट म्हणजे रंग. त्याचे सेट राखाडीच्या वेगवेगळ्या छटांमध्येच रंगवलेले असायचे, कारण तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग काळा यायचा आणि निळा पांढरा, म्हणजे रंगीत सेट लावला तर पडद्यावर काय दिसेल याचा भरवसा नाही. तुम्हीही रंगात शूट करून नंतर कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर सेट आणि यान सरळ राखाडीतच रंगवा, मोबाइल मोनोक्रोमवर टाकून त्यातून बघत बघत रंगवा, खूप फरक पडतो.

मग विमानं आली, तशी यानंही बदलली. १९१८ च्या डेन्मार्कच्या मंगळावर जाण्याच्या सिनेमात, ‘हिमेलस्किबेट’मध्ये, यानाला विमानासारखे पंख आणि प्रोपेलर आहे. अंतराळात हवा नाही हे माहीत असूनही, कारण १९१८ च्या माणसासाठी उडणं म्हणजे पंख आणि प्रोपेलर.

खरा बदल १९२९ चा. बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांगने ‘फ्राउ इम मोंड’ केला, म्हणजे चंद्रावरची बाई, आणि सल्लागार म्हणून हेर्मान ओबेर्टला घेतलं. ओबेर्ट म्हणजे रॉकेटच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या दोन-तीन माणसांपैकी एक, त्याचं पुस्तक १९२३ चं. हा सिनेमा मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवतो, आणि यान बघू नका, यानाच्या आजूबाजूचं बघा म्हणून सांगतो. यान उंच हँगरमध्ये उभं बांधलेलं आहे, मग ते उभ्याउभ्या रुळांवरून सावकाश बाहेर येतं, खाली माणसं मुंग्यांएवढी. टप्प्याटप्प्याने गळून पडणारं रॉकेट, पाण्याच्या हौदातून उड्डाण, आत झोपण्याचे बाक कारण वेग वाढताना शरीरावर प्रचंड दाब येणार, आणि वजन नाहीसं झाल्यावर उभं राहता यावं म्हणून जमिनीला पाय अडकवायचे पट्टे! १९२९ मध्ये! आणि मुका सिनेमा असल्यामुळे उलटी मोजणी पाट्यांवर येते, सेकंद कमी कमी होत जातात आणि शेवटी एकच शब्द, ‘येट्झ्ट’, म्हणजे ‘आत्ता’. आज आपण टीव्हीवर इस्रोचं उड्डाण बघताना श्वास रोखून आकडे ऐकतो ना, ती पद्धत लोकांच्या मनात रुजवली ती या सिनेमाने.

त्या पट्ट्यांबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तुमच्या बजेटला तीच गोष्ट लागू आहे. एका कातडी पट्ट्याचा खर्च तो किती असेल? पण तो पट्टा दिसला की बघणारा मनात म्हणतो, अच्छा, यांनी विचार केलाय. बाहेरच्या बॉडीवर तुम्ही दहा हजार खर्च केलेत तरी तो विश्वास येत नाही. ही मॉडेलं खऱ्या रॉकेटच्या इतकी जवळ होती की पुढे नाझी सरकारने ती जप्त केली आणि सिनेमाही दाखवायचा बंद केला, कारण तोवर खऱ्या रॉकेटचं गुप्त काम चालू झालं होतं. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीतल्या पेनेम्युंडहून पहिलं यशस्वी व्ही-२, म्हणजे जर्मनांचं युद्धातलं रॉकेट, उडालं, त्याच्या खालच्या भागावर याच सिनेमावरून घेतलेलं चित्र रंगवलेलं होतं. त्या रॉकेटांनी पुढे लंडन आणि अँटवर्पमध्ये हजारो माणसं मारली, तेही विसरून चालणार नाही.

१९३६ मध्ये एकाच वर्षी तीन वेगळ्या वाटा दिसतात. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्सच्या गोष्टीवरच्या ‘थिंग्ज टू कम’मध्ये पुन्हा तोफच, रॉकेट सात वर्षांपूर्वी पडद्यावर येऊन गेलेलं असूनही. दिसायला भव्य आहे पण मला ते पटत नाही, तोफेतून सुटताना आतली माणसं जिवंत राहणारच नाहीत. रशियात ‘कोस्मिचेस्की रेय्स’ आला, त्याला रशियातला रॉकेटशास्त्राचा जनक त्सिओल्कोव्स्की स्वतः सल्लागार होता, त्याने सिनेमासाठी चित्रं काढून दिली आणि सिनेमा पडद्यावर येण्याआधीच १९३५ मध्ये तो गेला. त्यात यान लांब उतारावरून वर सरकत सुटतं आणि माणसं द्रवाने भरलेल्या टाक्यांमध्ये बुडून बसतात, दाब सहन व्हावा म्हणून. आणि अमेरिकेत ‘फ्लॅश गॉर्डन’ची सीरियल, १३ भागांची, जिच्यात यान १९३० च्या ‘जस्ट इमॅजिन’ नावाच्या सिनेमातलं उचलून वापरलेलं. तारेवर लटकलेलं यान, मागून ठिणग्या आणि धूर, आणि तो धूर मागे जायच्या ऐवजी सरळ वर जातो. धूर वर गेला की प्रेक्षकाला कळतं, हे सगळं एका खोलीत चाललंय, खोलीत हवा आहे, यान हातभर आहे. तुमच्या क्लिपमध्ये अगदी हेच झालंय. तुम्ही शेपटाशी अगरबत्ती लावलीय असं तुम्हीच लिहिलंय.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, टोकदार आणि फिनवालं सिल्व्हर यान. ते सरळ व्ही-२ मधून आलं. युद्ध संपल्यावर अमेरिकेने पकडून नेलेली व्ही-२ रॉकेटं १९४६ पासून न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला उडवायला सुरुवात केली, त्यातल्याच एकावरच्या कॅमेऱ्याने २४ ऑक्टोबर १९४६ ला अंतराळातून पृथ्वीचे पहिले फोटो काढले. ते उड्डाण लोकांनी बघितलं आणि रॉकेट म्हणजे असंच दिसतं हे डोक्यात बसलं. मग चेस्ली बोनस्टेल नावाच्या चित्रकाराने त्याला देखणं केलं. हा माणूस आधी आर्किटेक्चरच्या ऑफिसातून काम केलेला, मग हॉलिवूडमध्ये मॅट पेंटिंग, म्हणजे शॉटमध्ये जोडायची दृश्यं रंगवण्याचं काम, करणारा, म्हणजे इमारत उभी कशी राहते आणि कॅमेऱ्याला ती दिसते कशी, दोन्ही त्याला ठाऊक. १९४९ मध्ये त्याचं विली लायबरोबर पुस्तक आलं, आणि हा लाय म्हणजे १९२९ च्या लांगच्या सिनेमाला सल्ला देणाऱ्यांपैकीच एक. चंद्रावर शेपटावर उभं राहिलेलं चकाकतं यान तुम्ही कुठेही बघितलं असेल तर त्याच्या मुळाशी बोनस्टेलची चित्रं आहेत. १९५० च्या जॉर्ज पालच्या ‘डेस्टिनेशन मून’मध्ये तोच बोनस्टेल होता आणि लेखनात सायन्स फिक्शन लेखक रॉबर्ट हाइनलाइन. त्या सिनेमाला स्पेशल इफेक्टचं ऑस्कर मिळालं. त्याची हवा इतकी झाली होती की ‘रॉकेटशिप एक्स-एम’ नावाचा दुसरा सिनेमा घाईघाईत करून महिनाभर आधी थिएटरात लावला.

फिन लागतात कशाला? खाली हवा असते तेव्हा दिशा धरायला. चंद्रावर हवा नाही, तिथे त्यांचा काही उपयोग नाही, १९६९ मध्ये खरं जे उतरलं ते कोळ्यासारखं होतं, ना टोक ना फिन. मग १९५० च्या यानांना फिन का? कारण अख्खं यान एकाच तुकड्यात जाणार आणि तेच परत येणार असं गृहीत धरलेलं, आणि शिवाय शेपटावर उतरल्यावर तेच फिन पाय होतात. म्हणजे फिन हा तिवईचा पाय आहे! तुमच्या मॉडेलचे फिन मी नीट बघितले, ते बॉडीच्या खालच्या टोकाच्या वर संपतात. म्हणजे तुमचं यान उभं राहतंय ते इंजिनाच्या नळीवर. बघणाऱ्याला हे शब्दात सांगता येणार नाही पण खटकणार नक्की. फिन खाली आणा, टोकाला चपटे तळवे द्या, बस.

आणि दरवाजा. तुमच्या यानाला दरवाजाच नाही. ‘डेस्टिनेशन मून’मध्ये माणसं बाहेर येतात तेव्हा यानाच्या उंचीची जाणीव होते, शिडीवरून किती वेळ उतरावं लागतं त्यावरून. दरवाजा आणि शिडी ही बघणाऱ्याच्या हातात दिलेली मोजपट्टी आहे. ती नसेल तर ९ इंच आणि ९० फूट यात फरक करायला त्याच्याकडे काहीच नाही.

गोष्टीत परग्रहावरचे असतील तर मात्र टोकदार यान विसरा. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नल्ड नावाच्या पायलटला माउंट रेनियरजवळ काहीतरी चमकतं वेगाने जाताना दिसलं, पेपरवाल्यांनी ‘उडत्या तबकड्या’ नाव दिलं, आणि तेव्हापासून माणसाचं यान टोकदार आणि परक्यांचं गोल असं जवळजवळ ठरूनच गेलं. १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ची तबकडी हे माझ्या मते त्या सगळ्या काळातलं सगळ्यात सुंदर काम आहे. लाकडाचा सांगाडा, तारेची जाळी, वरून प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे आपले सेटिंगवाले गणपतीच्या डेकोरेशनला जे करतात तेच. पण त्या बॉडीवर कुठे सांधा दिसत नाही, आणि मग अचानक त्या गुळगुळीत पृष्ठभागातून दरवाजा उघडतो. कसं केलं? दरवाजाच्या फटीत पुट्टी भरली आणि वरून सिल्व्हर मारला. दरवाजा सरकला की पुट्टी फाटते. बस, एवढंच. मी हे स्वतः एका मालिकेत करून बघितलं, फायबरच्या गुहेचं दार होतं, पहिल्या टेकला पुट्टी सुकून कडक झाली होती, दार उघडताना खपल्या उडाल्या आणि लाइटदादांनी दोन तास थांबून राहायला लागलं. दुसऱ्या वेळी सुकणारी पुट्टी न घेता खिडकीच्या काचेला लावतात ती तेलातली मऊ पुट्टी घेतली, टेकच्या दहा मिनिटं आधी भरली, वर सिल्व्हरचा एकच पातळ हात, आणि ते असं उघडलं की सेटवरची माणसं जवळ येऊन बोट लावून बघायला लागली.

१९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये पहिल्यांदा मोठ्या बजेटने माणसंच तबकडीतून जाताना दाखवली, तोवर त्या आकाराची भीती थोडी ओसरली होती. तिथेही यान एकच नव्हतं, वेगवेगळ्या मापांची तीन मॉडेलं होती, लांबच्या शॉटला लहान, जवळच्याला मोठं, सगळ्यात मोठं ७ फुटांच्या वर. हे माप लक्षात ठेवा, पुढे त्यावरच येतोय.

तर इथपर्यंतचं एका वाक्यात, १९०२ ला तोफगोळा, १९१८ ला विमान, १९५० ला व्ही-२, १९५१ ला तबकडी, प्रत्येक वेळी यान म्हणजे त्या वर्षीच्या माणसाच्या डोळ्यासमोर असलेलं सगळ्यात जबरदस्त यंत्र. तुमची गोष्ट १९५० ची असेल तर व्ही-२ बरोबरच आहे, कॉपी करायला दुसरं शोधू नका.

आता शूट. तुमचं यान गोष्टीत १५० फूट उंच आहे असं तुम्ही लिहिलंय आणि मॉडेल ९ इंच, म्हणजे स्केल १:२००. मिनिएचरमध्ये धूळ, धूर, पडणं हे सगळं मोठं वाटावं म्हणून हाय स्पीडवर शूट करून सावकाश दाखवतात, आणि किती पट हाय स्पीड याचा हिशेब स्केलचं वर्गमूळ. २०० चं वर्गमूळ साधारण १४, म्हणजे सिनेमाच्या नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेम गुणिले १४, सेकंदाला जवळजवळ ३४० फ्रेम लागतील. एक तर तुमच्या कॅमेऱ्यात ते नाही, आणि असलं तरी धूर आणि ठिणगी लहान होत नाही, ९ इंचाच्या यानाखाली ठिणगी म्हणजे माणसाएवढा निखारा दिसणार. तेच मॉडेल ६ फुटांचं केलं तर स्केल १:२५, वर्गमूळ ५, म्हणजे १२० फ्रेम, आणि ते आता साध्या मोबाइलमध्येही असतं. म्हणून मोठं करा. थ्रीडी प्रिंटच हवं असं नाही, तुम्ही कोल्हापूरचे आहात, उद्यमनगरात कुणाकडूनही पत्रा गोल वळवून मिळेल, नाहीतर पीव्हीसीचा जाड पाइप घ्या, नाकाचा शंकू थर्मोकोल कापून त्यावर पीओपी, मग प्रायमर.

शूट उन्हात करा. ही काही माझी आयडिया नाही, अमेरिकेत रिपब्लिक स्टुडिओत लायडेकर बंधू मोठी मॉडेलं बाहेर उघड्यावर खऱ्या उजेडात तारेवरून पळवायचे आणि त्यांचं काम आजही खरं वाटतं. कारण मिनिएचर खेळणं वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण फोकस. जवळून शूट केलं की पुढचा फिन शार्प आणि मागचा धूसर होतो, १५० फुटांची वस्तू अशी कधीच दिसत नाही. सगळं शार्प हवं तर लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं, एफ १६ वगैरे, आणि वर १२० फ्रेम, म्हणजे उजेड खूप पाहिजे. भर दुपारच्या उन्हात १२० फ्रेमला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची क्षमता) २५० च्या आसपास एफ १६ मिळून जातो, तेवढा उजेड घरात करायचा तर भाड्याच्या लाइटमध्येच तुमचं बजेट संपेल. काळं आकाश हवं तर मागे काळं मखमली कापड, साधं सुती नको, ते उन्हात राखाडी दिसतं.

सिल्व्हरचं म्हणाल तर चकचकीत क्रोम लावू नका. मी एका जाहिरातीत ही चूक केली होती, गोळा आरशासारखा झाला आणि त्यात कॅमेरा, स्टँड, मी, चहावाला, सगळे दिसले. अॅल्युमिनियम पेंटचा मॅट हात द्या, वाळल्यावर टाल्कम पावडर मऊ कापडाने फिरवा आणि जादा झटकून टाका. पत्र्याच्या पट्ट्यांचे जोड पेन्सिलने आखा, फार गडद नको. तळव्यांजवळ आणि इंजिनापाशी काळसर जळकं करा, कारण हे यान एकदा तरी आग ओकून उतरलंय.

धूर वर जाणार हे थांबवता येत नाही, मग कॅमेरा फिरवा. यान उलटं टांगा, शेपूट वर, कॅमेराही उलटा, धूर वर गेला की पडद्यावर तो खाली इंजिनातून सुटल्यासारखा दिसतो. आणि तार शोधायला प्रेक्षक यानाच्या वर बघतो, ती असते खाली, आगीत लपलेली. अगरबत्ती काढून टाका.

आतला सेट लहान ठेवा, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा. मीटर आणि स्विच भंगारातून घ्या, जुने अँपिअर मीटर, गाडीचे डायल, पण प्रत्येक बटण कशाचं आहे ते ठरवून कलाकाराला सांगा, म्हणजे त्याचा हात चाचपडणार नाही. आणि पट्टे लावा, जमिनीला.

आता तुमचं ९ इंची मॉडेल. ते टाकू नका. ‘डेस्टिनेशन मून’मध्ये चंद्राच्या जमिनीवर भेगा दाखवल्या आहेत, बोनस्टेलला त्या अजिबात आवडल्या नव्हत्या कारण तशा भेगा चिखल वाळल्यावर पडतात आणि चंद्रावर पाणी कुठलं. पण आर्ट डिरेक्टर एर्न्स्ट फेग्तेने त्या मुद्दाम पाडल्या, पुढे मोठ्या, मागे बारीक बारीक होत गेलेल्या, म्हणजे लहानशा स्टेजवर मैलभर जमीन दिसावी. तुम्हीही आठ फूट बाय आठ फुटांवर राख आणि माती पसरा, पुढचे दगड नारळाएवढे, मागचे वाटाण्याएवढे, आणि अगदी मागच्या कडेला ते ९ इंची यान उभं करा, धूर नाही, हालचाल नाही, फक्त एका बाजूने कडक ऊन आणि जमिनीवर पडलेली त्याची लांब काळी सावली. पुढे कॅमेऱ्याजवळ तुमचा अंतराळवीर पाठमोरा. फोकस दोघांवर शार्प मिळेपर्यंत लेन्स बारीक करा, आणि सकाळी आठच्या आत शूट करा, नंतर सावली आखडते.